पहिल्यांदाच ऐकल्यासारखं

६ जुलै

प्रिय आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतेस, म्हणून बाबा म्हणाले, भिंगरी, तू तिला आपलं पत्रच लिही. तर हे पत्र. शिलाईचं दुकान कसं चाललंय? काकांच्या मागे तू ते एकटीनं चालवतेस हे मी इथल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना खरंच वाटत नाही.

तिसरं वर्ष सुरू झालं. यंदा दर गुरुवारी जेवणानंतर आम्हाला एक नवीन तास असतो, 'व्यावसायिकता'. म्हणजे डॉक्टरनं डॉक्टरसारखं वागायचं कसं, याचा. तुला हसू येईल, पण तो चक्क सिनेमे दाखवून शिकवतात! मोठ्या व्याख्यानगृहाचे पडदे ओढायचे, सिनेमा बघायचा, मग दिवे लावून भांडायचं. पहिल्या तासाला एक जुना काळा-पांढरा चित्रपट होता, त्यातला डॉक्टर दारू पिऊन ऑपरेशनला उभा राहतो. मागच्या बाकांवरची मुलं घोरत होती, पण मी हलले नाही.

गेल्या गुरुवारी मात्र आमच्या विभागप्रमुख सरांनी स्वतः केलेला सिनेमा दाखवला. फक्त आठ मिनिटांचा. नट कुणी नाही, खरा रुग्ण, खरा वॉर्ड. तुला हे इस्पितळ माहीत आहेच, काकांना इथेच आणलं होतं ना? मी तेव्हा सात वर्षांची, मला फारसं आठवत नाही. सिनेमात रुग्णाचा चेहरा धूसर केलाय, आवाजही बदललाय. सर स्टूल ओढून खाटेजवळ बसतात, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवतात आणि आजार पसरलाय, आता बरं होणं शक्य नाही, हे अगदी हळुवारपणे सांगतात. मग तो माणूस हात पुढे करून सरांची बाही धरतो. आधारासाठी. सर तिथे सिनेमा थांबवतात आणि म्हणतात, "हा क्षण लक्षात ठेवा. हा विश्वास आहे."

कडेला त्याची बायको बसलेली आहे. तिचा नुसता खांदा आणि मांडीवरची पिशवी दिसते. एवढी वाईट बातमी, पण ती बाई ना रडते, ना बोलते, अगदी दगड. सिनेमावर निबंध लिहायचा होता, तो मी तिच्यावरच लिहिला. मी म्हटलं, ती बहुधा कमी शिकलेली असावी, तिला ऐकलेलं कळलंच नसावं, आणि डॉक्टरांनी अशा नातेवाइकांकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. वर्गात सगळ्यात जास्त गुण मला!

तुझी लाडकी,
भिंगरी

१४ जुलै

भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. वागणं शिकवायला तास ठेवावा लागतो हे वाचून गंमत वाटली.

एवढंच कळव. त्या माणसाची खाट खिडकीशी होती का? बाईच्या मांडीवरची पिशवी कसली होती? आणि त्यानं बाही धरली म्हणजे नेमकी कशी धरली? मुठीत, की चिमटीत?

बाकी ठीक. कामाची गर्दी आहे.

आत्या

२१ जुलै

प्रिय आत्या,

तुला एवढा रस वाटेल असं वाटलं नव्हतं! आज पुन्हा सिनेमा दाखवला, तेव्हा तुझे प्रश्न डोक्यात ठेवून पाहिला.

खाट खिडकीशीच आहे. पिशवी कापडाची, तिकोनी तुकडे जोडून शिवलेली, एक बंद दुसऱ्याहून रुंद. आणि बाही म्हणशील तर चिमटीत. अंगठा आणि दोन बोटं. आधी कापड घासल्यासारखं केलं, मग कडेला किंचित उलटून बघितलं. आधारासाठी धरलेला हात असा असतो का, असा प्रश्न मलाही पडला, पण सर म्हणतात की घाबरलेल्या माणसाचे हात असेच काहीतरी चाळवत राहतात.

आणखी एक बातमी. ऑगस्टच्या शेवटी बाहेरच्या कॉलेजांतले प्राध्यापक ही सिनेमाची पद्धत बघायला येणार आहेत. त्यांच्यापुढे सिनेमाआधी माझा निबंध वाचायला सरांनी मलाच निवडलंय. बाबांना सांगितलं तर ते सगळ्या गल्लीला सांगत सुटतील, म्हणून तूच हळूच सांग.

भिंगरी

२७ जुलै

भिंगरे,

तुझा निबंध ज्या कमी शिकलेल्या बाईवर आहे, ती मी आहे.

खाटेवरचे तुझे काका आहेत. पिशवी माझी आहे, उरलेल्या चिंध्यांची शिवलेली, आणि तिचा एक बंद रुंद आहे कारण अरुंद पट्टी संपली होती. ती अजून खुंटीला आहे. पहिलं पत्र वाचलं तेव्हाच शंका आली होती, पण उगाच कुणावर आळ नको म्हणून विचारून घेतलं.

आता नीट वाच. मी एकदाच लिहीन.

ती बातमी आम्हाला त्या गुरुवारी कळली नाही. ती सोमवारी कळली. एक्स-रेचा फोटो काढून परत येताना तुझे काका चाकाच्या खुर्चीत होते आणि खुर्ची बोळात जेवणाच्या गाड्यामागे अडकली होती. तुमचे सर समोरून आले. फाइल चाळत उभ्या उभ्या म्हणाले, "पसरलंय. ऑपरेशनचा उपयोग नाही. उद्या घरी न्या." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गेले. वाढपी हातात डाव घेऊन आमच्याकडे बघत राहिला, त्यालाच लाज वाटली बिचाऱ्याला. मी रडले ती तिथे, त्या गाड्याचा कठडा धरून. तो सिनेमा कुणी काढला नाही.

मंगळवारी आम्ही सामान बांधून बसलो. तर परिचारिका म्हणाली, गुरुवारपर्यंत थांबा. का, ते कुणी सांगेना. आम्हाला वाटलं एखादी तपासणी राहिली असेल, कदाचित अजून काही उपाय असेल. आशेला काय, फुंकर पुरते. गुरुवारी सकाळी दिवे आले, वायरी आल्या, शेजारच्या म्हाताऱ्याची खाट ओढत बाहेर नेली, आणि आम्हाला कागद दिला. "विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आहे." तुझे काका म्हणाले, "पोरं शिकतील तर शिकू देत," आणि सही केली. मग त्यांना सांगितलं, "पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करा."

ते शिंपी होते गं, नट नव्हते. पहिल्या वेळी सरांचं वाक्य संपायच्या आतच त्यांनी मान हलवली. परत घेतलं. दुसऱ्या वेळी ते भाबडेपणानं म्हणाले, "हो, सोमवारी सांगितलंत ना तुम्ही." सगळे हसले. परत घेतलं. मरणाची बातमी माणसाला एकदाच मिळते, यांना चार वेळा मिळाली. त्यातल्या तीन वेळा स्टुलावर बसून.

पहिल्या वेळी मला हुंदका आला. कानाला यंत्र लावलेला माणूस म्हणाला, "बाई, आवाजात हुंदका येतोय. गप्प बसणार असाल तर बसा, नाहीतर बाहेर थांबा." मला त्यांच्याजवळ बसायचं होतं. म्हणून मी दात आवळून बसले. तोच तुमचा दगड.

आणि तो विश्वासाचा क्षण! तुमच्या सरांनी सिनेमासाठी नवा कोरा कोट घातला होता. सोमवारचा कोट खिशापाशी उसवलेला होता. तुझे काका जन्मभर दुसऱ्याच्या अंगावरचं कापड चाचपत आले, देवाचा कोट असता तरी चाचपला असता. शुक्रवारी घरी आल्यावर मला म्हणाले, "कापड बरं होतं, पण बाहीचे कच्चे टाके काढायचे राहिलेत. त्यांना सांगावंसं वाटलं, पण पुन्हा घ्यावं लागलं असतं." यावर आम्ही दोघं हसलो. खूप हसलो. त्यानंतर ते सतरा दिवस होते. वीस दिवस घरी मिळाले असते, त्यातले तीन या सिनेमानं खाल्ले.

चौदा वर्षं तो सिनेमा पोरांना दाखवतायत आणि त्याला वागणुकीचा धडा म्हणतायत. माझ्या अंगाची आग झालीय. तुझ्यामुळेही झालीय, उगाच गोड कशाला बोलू? न बघितलेल्या बाईला तू दगड म्हणालीस आणि वर गुण घेतलेस.

आत्या

९ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र आल्याला आठ दिवस झाले. रोज लिहायला बसायचे आणि 'प्रिय' लिहून उठायचे. माफी मागायलाही तोंड नाही.

काल सरांकडे गेले. तुझं नाव घेतलं नाही, नातंही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "सर, सिनेमातल्या रुग्णाला ही बातमी आधीच दिलेली होती का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोण म्हणालं?"

"त्यांच्या घरातलं माणूस."

ते म्हणाले, "सही आहे माझ्याकडे. फाइलमध्ये आहे."

"सहीबद्दल नाही विचारलं, सर."

मग ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते. "सोमवारी बोळात मी चुकलो होतो. घरी गेल्यावर मला ते खात राहिलं. म्हणूनच तो सिनेमा केला. कसं सांगायला हवं होतं ते दाखवायला. चौदा वर्षांत हजारावर मुलं तो बघून गेली. त्यातली निम्मी जरी रुग्णाजवळ खाली बसून बोलायला शिकली असतील, तर ते काही कमी आहे का?"

मी विचारलं, "मग सोमवारचं मुलांना का सांगत नाही?"

"त्यानं धड्याचा परिणाम कमी होतो," असं म्हणून त्यांनी चष्मा घातला. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "तुझा निबंध उत्तम आहे. त्यात काही बदलू नकोस."

आत्या, रागावू नकोस, पण ते अगदी वाईट माणूस नाहीत. गेल्या महिन्यात वॉर्डात मी स्वतः पाहिलंय, ते खरंच स्टूल ओढून बसतात. मला वाटतं, मी आजारी असल्याचं कळवावं आणि त्या दिवशी जाऊच नये. निबंध दुसरं कुणीतरी वाचेल. पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा त्यांच्याकडेच आहे. तू सांगशील तसं करते.

भिंगरी

१६ ऑगस्ट

भिंगरे,

आजारी पडणार? काय होणार तुला, पाठीचा कणा दुखणार?

तुझे सर राक्षस आहेत असं मी कुठे म्हटलंय? राक्षस असते तर सोपं होतं. चूक झाली, त्यांना खात राहिली, इथवर माणसासारखं आहे. पण चूक ज्याच्या बाबतीत केली त्याच्याकडे यायला त्यांना तीन दिवस होते आणि मधे फक्त एक बोळ होता. ते आले ते दिवे घेऊन. माफी मागायला आले नाहीत. स्वतःची चांगली बाजू आमच्याकडून काढून घ्यायला आले, गिऱ्हाइकानं आरशासमोर उभं राहावं तसे. आम्ही त्यांचा आरसा.

पोरं खाली बसून बोलायला शिकली असतील तर फार चांगलं झालं. त्यांना म्हणावं, सिनेमा खुशाल दाखवा. तुझ्या काकांनी पोरांसाठी सही केलीय, ती मी कशी पुसू? पण त्याआधी सोमवार सांगा. आणि ती बाई गप्प का होती तेही सांगा. खोट्याच्या पायावर वागणुकीचा धडा उभा करायचा आणि वर त्याचेच गुण द्यायचे, ही कुठली विद्या?

'तू सांगशील तसं करते' म्हणतेस. मी काही सांगणार नाही. मला एकदा सांगून झालंय, गप्प बस म्हणून, आणि मी ऐकलं, त्याचं अजून वाईट वाटतं. तुला मी काही कर किंवा करू नकोस म्हणणार नाही. तुझी जीभ नुसती निबंधापुरती आहे की आणखी कशासाठी, ते तुझं तू बघ.

आत्या

१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

गेले. वाचलं. सगळं क्रमानं सांगते.

साठेक प्राध्यापक होते. पहिल्या रांगेत आमच्या कॉलेजच्या अधिष्ठाता बाई, म्हणजे सरांच्याही वरच्या. सरांनी माझी ओळख करून दिली, "ही आमची सर्वांत संवेदनशील विद्यार्थिनी." मी निबंधाचा पहिला परिच्छेद वाचला, 'ती बहुधा कमी शिकलेली असावी' इथपर्यंत. मग कागद खाली ठेवला. मंचाची कड धरली.

मी म्हटलं, "इथपर्यंतचं सगळं चूक आहे. ही बाई माझी सख्खी आत्या आहे. तिला त्या दिवशी सगळं कळत होतं, कारण तिला ते तीन दिवस आधी बोळात, जेवणाच्या गाड्याशेजारी, उभ्या उभ्या सांगितलं होतं." आणि सांगत गेले. तिसऱ्यांदा घेतलेलं, हुंदका, कच्चे टाके, तीन दिवस. एकदाही रडले नाही.

सर उठले. म्हणाले, "विद्यार्थिनी भावनेच्या भरात आहे. नातेवाइकांच्या आठवणी काळानुसार बदलतात. आपण सिनेमा बघू." आणि दिवे घालवले.

आत्या, तिथेच सगळं फिरलं. कारण सिनेमा सुरू झाला आणि आता प्रत्येक जण बघत होता ते मी सांगितलेलं. काकांचा हात बाहीकडे गेला, चिमटीत कापड धरलं, कड उलटली. अंधारात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, टाका दिसतोय!" खरंच दिसतो. निळा दोरा, बोटभर. चौदा वर्षं पडद्यावर होता, कुणी पाहिला नव्हता. एवढा वेळ आम्ही सगळे विश्वास बघत होतो.

दिवे लागले तेव्हा सर खाली बघत उभे होते. अधिष्ठाता बाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "त्या दिवशी किती वेळा घेतलं होतं?"

सर म्हणाले, "तीनदा."

"आणि सोमवारचं?"

"...खरं आहे."

सगळ्यांदेखत. मला वाटलं होतं फार आनंद होईल. तसा झाला नाही, नुसतं हलकं वाटलं आणि त्यांच्याकडे बघवेना. बाहेर आल्यावर माझ्याच वर्गातल्या दोघी म्हणाल्या, सरांना असं उघड्यावर आणणं हे व्यावसायिक आहे का! मी म्हटलं, गुरुवारी चर्चेला घ्या.

आता मुख्य. अधिष्ठाता बाईंनी तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, तिला आधी विचारते. येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी त्यांना सिनेमा दाखवायचा नाही, तू यावंस आणि वर्गाशी बोलावंस असं त्यांना वाटतं. तोंडी परीक्षेला मला दुसरे परीक्षक देणार आहेत, मी मागितले नव्हते. येशील का?

तुझी,
भिंगरी

१९ सप्टेंबर

माझी भिंगरी,

सुखरूप पोचले. बसमध्ये जागा मिळाली. तुझ्या वसतिगृहाच्या उशा दगडाच्या आहेत, एक शिवून पाठवते.

तिथे माणसांच्या गराड्यात तुझ्याशी धड बोलता आलं नाही. एवढी पोरं बघून आधी माझीच दातखीळ बसली होती. पण एकदा सुटले आणि मग घड्याळ कोण बघतं! तुझ्या वर्गातली ती चष्मेवाली रडायला लागली, तेव्हा तिला मी म्हटलं ना, "रड बाई, इथे आवाज मोजणारं कुणी नाही," ते जरा जास्तच झालं. तिला सांग, मी तिच्यावर रागावले नव्हते.

तुझे सर शेवटच्या बाकावर बसले होते, ते तू पाहिलंस का? मी बोलत असताना त्यांनी मान वर केली नाही. तू पुस्तकं ठेवायला गेलीस तेव्हा ते जिन्यापाशी आले. केस सगळे पिकलेत त्यांचे. मला वाटलं, आता माफी मागतील. तेवढ्याचसाठी मी जिन्यावर जरा थांबलेदेखील. ते म्हणाले, "चहा घेणार का?" मी म्हटलं, नको. मग ते म्हणाले, "मी काय बोलावं ते मला सुचत नाहीये." मी म्हटलं, "मग आज पहिल्यांदा खरं बोललात." आणि उतरले. माफ केलं का, असं बाबा विचारेल तुझा. नाही केलं. पण त्या माणसाला शब्द न सुचलेलं बघितलं, तेवढं पुरे आहे मला.

आता जे लिहायला बसले ते. तुमच्यातल्या त्या उंच मुलानं उभं राहून विचारलं, "सोमवारी सरांनी नेमकं काय म्हणायला हवं होतं?" आणि मी काहीतरीच उत्तर दिलं, गोड बोलावं, धीर द्यावा, असलं पोपटासारखं. सगळ्यांनी लिहूनही घेतलं. ते खोडायला सांग.

बसमध्ये आठवलं. चौदा वर्षं मी स्वतःलाच सोमवार सांगते आहे, पण प्रत्येक वेळी तो फोन वाजला आणि ते गेले, तिथेच थांबते. त्याच्या पुढे एक गोष्ट झाली होती. मला त्यांचा पहिला शब्द नीट ऐकू आला नव्हता. पसरलंय की सरलंय? गाड्याचा खडखडाट होता. सरलंय म्हणजे संपलं, बरं झालं, असंही होऊ शकतं ना? मी त्यांच्या मागे चार पावलं गेले आणि मोठ्यानं विचारलं, "डॉक्टर, काय म्हणालात?"

त्यांना ऐकू गेलं होतं. मान किंचित वळली होती. पण ते थांबले नाहीत. मग तुझे काकाच खुर्चीतून म्हणाले, "पसरलंय म्हणाले गं." मरणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडानं ते मला सांगावं लागलं.

तेव्हा त्या मुलाला सांग, काय बोलायचं ते मला माहीत नाही, ते तुम्ही शिका. कुणी मागून विचारलं, काय म्हणालात, तर थांबा. एवढंच.

आत्या